अथर्वशीर्ष पाठ आहे ना? मग ब्रह्म, मूलाधार, तुर्या वगैरे शब्द त्यातूनच कसे शिकायचे

ब्रह्म म्हणजे नक्की काय, ब्रह्मा वेगळा का, मूलाधार कुठे असतं, तुर्या, गुणातीत, प्रकृती-पुरुष, हे शब्द योगाच्या क्लासमध्ये, कीर्तनात, व्हॉट्सॲपवरच्या सुविचारात सगळीकडे कानावर पडतात आणि कुणी सरळ अर्थ विचारला की आपली गाडी अडते. मग लोक काय करतात, गूगलवर एखादी लांबलचक शब्दांची यादी उघडतात, अ पासून वाचायला लागतात आणि क येईपर्यंत कंटाळून बंद करतात. यादी वाचून हे शब्द डोक्यात राहत नाहीत कारण एकाचा दुसऱ्याशी संबंधच लागत नाही.

आपल्याकडे मराठी घरात एक सोय आधीच आहे. गणपती अथर्वशीर्ष. निम्म्या लोकांना ते तोंडपाठ असतं, नाहीतर दर संकष्टीला आणि गणपतीत ऐकून ऐकून अर्धंमुर्धं तरी येतंच, पुण्यात ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठसमोर हजारो बायका एका सुरात म्हणतात ते तर टीव्हीवर सगळ्यांनीच पाहिलंय. सावकाश म्हटलं तरी दहा मिनिटांच्या आत संपतं आणि एवढ्याशा मजकुरात देवांची नावं, उपनिषदांतले शब्द, सांख्याचे (प्रकृती आणि पुरुष यांवर जग समजावणाऱ्या जुन्या दर्शनाचे) शब्द, योगाचे शब्द, मंत्रशास्त्र असं सगळं ठासून भरलंय. तर नवीन काही पाठ न करता, जे पाठ आहे तेच उलगडत कसं जायचं ते सांगतो.

आधी तयारी. एक छापील पुस्तिका घ्या, दहा-वीस रुपयांची कुठल्याही देवळाबाहेर मिळते ती चालेल, पण शब्द फोडून छापलेली असेल तर बघा, आणि एक पेन्सिल. मोबाईलवर नको, कारण समासात लिहायचंय. मजकुराचे तीन तुकडे करून रेघ मारा. पहिला शांतिमंत्र, म्हणजे भद्रं कर्णेभिः पासून बृहस्पतिर्दधातु पर्यंत. दुसरा मूळ भाग, नमस्ते गणपतये पासून श्रीवरदमूर्तये नमः पर्यंत. तिसरी फलश्रुती, म्हणजे पाठ केल्याने काय मिळतं ते सांगणारा शेवट. एकवीस आवर्तनं करतात तेव्हा हा मधलाच भाग एकवीस वेळा म्हणतात, शांतिमंत्र सुरुवातीला एकदा आणि फलश्रुती शेवटच्या आवर्तनानंतर एकदाच. रोज एकच तुकडा घ्या, घाई करू नका.

शांतिमंत्रातल्या देवांवर फार वेळ घालवू नका. इंद्र माहीतच आहे. पूषा हा पोषण करणारा, वाटा दाखवणारा आणि गुराढोरांना सांभाळणारा वैदिक देव. तार्क्ष्य म्हणजे पुढे ज्याला लोक गरुड मानायला लागले तो. आणि बृहस्पती, देवांचा गुरू. याच्यावर मात्र एक टीप लिहून ठेवा, कारण गणपतीच्या पूजेत आपण जो ‘गणानां त्वा गणपतिं हवामहे’ म्हणतो तो ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातला मंत्र मुळात या बृहस्पतीचा, ब्रह्मणस्पतीचा आहे, सोंडेच्या गणपतीचं वर्णन त्यात नाही.

आता मूळ भाग. पहिल्याच ओळीत तत्त्वमसि आणि लगेच ‘सर्वं खल्विदं ब्रह्मासि’ येतं, ही दोन्ही छांदोग्य उपनिषदातल्या वाक्यांची छाया. इथे ब्रह्म हा शब्द पक्का करून घ्या. ब्रह्म हे नपुंसकलिंगी, ते ब्रह्म, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेलं एकच एक तत्त्व, त्याला तोंड नाही, हात नाहीत, वाहन नाही. ब्रह्मा हा पुल्लिंगी, तो ब्रह्मा, चार तोंडांचा सृष्टी करणारा देव. गंमत अशी की पुढे एकाच वाक्यात दोन्ही येतात, ‘त्वं ब्रह्मा त्वं विष्णुस्त्वं रुद्रः’ ने सुरुवात आणि शेवटी ‘त्वं ब्रह्म’. भराभर म्हणताना दोन्ही सारखेच ऐकू येतात. तिथे पेन्सिलीने दोन वेगळ्या खुणा करा आणि म्हणताना काना नीट उच्चारा, अर्थ आपोआप वेगळा होतो. वर सुरुवातीलाच ‘त्वं साक्षादात्मासि’ येऊन गेलंय, त्यातल्या ‘आत्मा’ शब्दाला ‘ब्रह्म’ शब्दाशी जोडणारी एक रेघ काढा, कारण अद्वैत वेदान्ताचं सगळं म्हणणं त्या रेघेत आहे, आत जे आहे ते आणि सगळीकडे जे आहे ते वेगळं नाही. द्वैतवाले हे मान्य करत नाहीत, मध्वाचार्यांची परंपरा जीव आणि ईश्वर कायम वेगळेच मानते, तेव्हा ‘हिंदू धर्म असं म्हणतो’ असं सरसकट कुणी म्हणालं तर जरा थांबवा त्याला.

नंतरचं ‘अव त्वं माम्’ तसं सोपं. अव म्हणजे रक्षण कर. पण इथे दोन जागी सगळे अडखळतात. ‘अवानूचानमव शिष्यम्’ हे बरेच जण ‘अवानूचा नमव शिष्यम्’ असं तोडून म्हणतात आणि त्याचा काहीच अर्थ होत नाही. फोड अशी, अव अनूचानम्, अव शिष्यम्. अनूचान म्हणजे वेद अंगांसकट शिकलेला, शिकवण्याच्या लायकीचा, थोडक्यात गुरू. दुसरी जागा दिशांची. पश्चात्तात् म्हणजे मागून आणि पश्चिमेकडूनही, पुरस्तात् म्हणजे समोरून आणि पूर्वेकडूनही. पूर्वेला तोंड करून बसा आणि मग म्हणा, समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, डावीकडे उत्तर, उजवीकडे दक्षिण, मग वर, मग खाली. ‘अवाधरात्तात्’ मधलं अधर म्हणजे खालचं. एकदा असं अंगाने बसून म्हटलं की पुन्हा पाठांतर चुकत नाही.

पुढे आपला खरा माल सुरू होतो. ‘त्वं भूमिरापोऽनलोऽनिलो नभः’, ही पंचमहाभूतं. अनल म्हणजे अग्नी, अनिल म्हणजे वारा, यात गोंधळ होतोच होतो. क्रम बघा, जमीन, पाणी, अग्नी, वायू, आकाश, जाडाकडून सूक्ष्माकडे. तैत्तिरीय उपनिषदात उत्पत्ती सांगताना नेमका उलटा क्रम आहे, आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, मग पाणी, मग पृथ्वी. आणि योगात चक्रांची, म्हणजे कण्याच्या वाटेवर मानलेल्या शक्तीच्या ठिकाणांची, जोडी लावतात ती अथर्वशीर्षाच्याच क्रमाने खालून वर, मूलाधार (कण्याच्या अगदी तळाशी) पृथ्वीचं, स्वाधिष्ठान पाण्याचं, मणिपूर अग्नीचं, अनाहत वायूचं, विशुद्ध आकाशाचं. लं वं रं यं हं ही जी बीजं, म्हणजे एका अक्षराचे मंत्र, योगा क्लासमध्ये म्हणायला लावतात ती याच पाचांची, याच क्रमाने. म्हणजे पाच भूतं आली की पाच चक्रं फुकटात पाठ. वर आज्ञा आणि सहस्रार उरतात. पाकळ्यांचे आकडेही लिहून ठेवा, 4, 6, 10, 12, 16 आणि आज्ञेच्या 2, बेरीज होते 50, आणि प्रत्येक पाकळीवर वर्णमालेतलं एकेक अक्षर बसवलेलं असतं. ती बेरीज करून बघितली की कळतं की चक्रांचा हा नकाशा शरीराइतकाच अक्षरांचाही आहे.

इथे एक तक्रार करतोच. इंस्टाग्रामवर चक्रांचे इंद्रधनुष्याचे रंग दाखवतात, मूलाधार लाल, स्वाधिष्ठान केशरी, मणिपूर पिवळं, अनाहत हिरवं असं करत वर जांभळ्यापर्यंत, आणि त्या रंगाचे दगड विकतात. ही विसाव्या शतकातली पश्चिमेकडची भर आहे. चक्रांवरचा जो सगळ्यात जास्त वापरला जातो तो षट्चक्रनिरूपण हा 1577 सालचा संस्कृत ग्रंथ, त्यात मणिपूर पावसाळी ढगासारखं काळसर आहे आणि अनाहत लाल फुलासारखं. त्याच ग्रंथात मूलाधारात ब्रह्मा बसवलाय, गणपती नाही. म्हणजे कुठल्या चक्रात कुठला देव हे परंपरेप्रमाणे बदलतं, ‘शास्त्रात असंच आहे’ म्हणणाऱ्याला कुठल्या शास्त्रात हे विचारायचं.

लगेच पुढचं वाक्य ‘त्वं चत्वारि वाक्पदानि’. चार वाणी. मराठी माणसाला हे शोधायला लांब जायला नको, मनाच्या श्लोकांच्या पहिल्याच श्लोकात समर्थांनी ‘नमूं शारदा मूळ चत्वार वाचा’ म्हटलंय तीच ही चार. परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी. उलटीकडून समजून घ्या. वैखरी म्हणजे तोंडाने बोललेलं, कानाला ऐकू येणारं. मध्यमा म्हणजे मनातल्या मनात शब्द जुळलेत पण बाहेर पडले नाहीत. पश्यंती म्हणजे शब्द अजून नाहीत, काय म्हणायचंय ते नुसतं आत लख्ख दिसलंय. आणि परा त्याच्याही आधीची. शरीरात जागा सांगतात त्या वैखरी मुखात, मध्यमा हृदयात, पश्यंती नाभीत आणि परा मूलाधारात. आता दोन ओळी पुढे जा, ‘त्वं मूलाधारस्थितोऽसि नित्यम्’. वाणीचा देव, विद्येचा देव मूलाधारातच का, तर वाणी तिथून उठते म्हणून. हा दुवा लक्षात आला की गणपतीला अग्रपूजा का आणि ज्ञानेश्वरीची सुरुवात ॐकाराला गणेश मानून का होते (अकार चरण, उकार उदर, मकार मस्तक) हे वेगळं समजावून घ्यायला लागत नाही.

आता त्रय. अख्ख्या अथर्वशीर्षातली सगळ्यात घट्ट ओळ हीच, इथे चारपाच दिवस द्या. त्वं गुणत्रयातीतः, अवस्थात्रयातीतः, देहत्रयातीतः, कालत्रयातीतः. काही पुस्तिकांत अवस्थात्रय नसतं, क्रमही इकडेतिकडे असतो, तुमच्या घरात जसं म्हणतात तसं ठेवा. प्रत्येक त्रयाखाली तीन शब्द लिहायचे.

गुण म्हणजे सत्त्व, रज, तम. हे सांख्याचे शब्द. मराठीत गुण म्हणजे चांगली गोष्ट किंवा परीक्षेतले मार्क, तो अर्थ इथे बाजूला ठेवा. हे तीन गुण म्हणजे प्रकृती, म्हणजे सगळं जग जिच्यातून बनलं ते मूळ द्रव्य, ज्या तीन पिळांनी वळलेल्या दोरीसारखी आहे ते पीळ, सत्त्व हलकं आणि प्रकाश देणारं, रज चळवळं, तम जड आणि झाकणारं. त्यामुळे ‘सात्त्विक थाळी’ हा प्रकार हॉटेलवाल्यांनी कितीही गाजवला तरी कुठलीच वस्तू शंभर टक्के सात्त्विक नसते, तिन्ही गुण सगळीकडेच मिसळलेले, फक्त प्रमाण कमीजास्त.

अवस्था म्हणजे जागृती, स्वप्न, सुषुप्ती. सुषुप्ती म्हणजे स्वप्नही नसलेली गाढ झोप. या तिन्हीच्या पलीकडची ती चौथी, तुरीय, आपल्या संतांच्या मराठीत तुर्या. देह म्हणजे स्थूल, सूक्ष्म, कारण. स्थूल हा हाडामांसाचा, सूक्ष्म म्हणजे मन बुद्धी इंद्रियं प्राण यांचा गठ्ठा, कारण म्हणजे अज्ञानाचं बीज ज्यातून बाकीचे दोन पुन्हा पुन्हा उगवतात. मराठी संतवाङ्मयात चौथा महाकारण देहही येतो, दासबोध वाचताना तो भेटेल तेव्हा दचकू नका. या दोन त्रयांची सांगड घालून बघा, जागेपणी स्थूल देहाशी व्यवहार, स्वप्नात सूक्ष्माशी, गाढ झोपेत फक्त कारण उरतो. काल म्हणजे भूत, वर्तमान, भविष्य, त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही. ‘शक्तित्रयात्मकः’ मधल्या तीन शक्ती इच्छा, ज्ञान, क्रिया. इथे अतीत नाही म्हटलेलं, आत्मक म्हटलंय, म्हणजे गुणांच्या, देहाच्या, काळाच्या पलीकडचा पण शक्तींचा मात्र बनलेलाच. एवढा बारीक फरक आपण वर्षानुवर्षं एका दमात म्हणून मोकळे होतो.

‘गणादिं पूर्वमुच्चार्य’ इथून मंत्रशास्त्र आहे आणि इथेच बहुतेक लोक नुसतं गुणगुणत पुढे जातात. प्रत्यक्षात इथे गं हे बीज कसं बनवायचं त्याची कृती दिलीय. गण शब्दातलं पहिलं अक्षर ग्, वर्णमालेतलं पहिलं अ, वर अनुस्वार, त्यावर अर्धचंद्र, आणि तार जोडायचा. तार म्हणजे ॐ, पलीकडे तारून नेणारा. ‘एतत्तव मनुस्वरूपम्’ मधला मनु म्हणजे मनुस्मृतीतला मनू नव्हे, मनु म्हणजे मंत्र. मग कुठल्याही मंत्राची ओळख देतात तशी दिलीय, ऋषी गणक, छंद निचृद्गायत्री, देवता गणपती. विनियोग म्हणतात तो हाच, ऋषी म्हणजे मंत्र ज्याला दिसला तो, छंद म्हणजे त्याचं माप, देवता म्हणजे तो ज्याला उद्देशून आहे ती. गायत्री छंद 24 अक्षरांचा, निचृत् म्हणजे एक अक्षर कमी. बोटांवर मोजून बघा, ‘तत्सवितुर्वरेण्यं’ मध्ये सातच भरतात, पुढच्या दोन पादांत आठ आठ, एकूण 23, म्हणून आपला रोजचा गायत्री मंत्र निचृद्गायत्री. आणि ‘एकदन्ताय विद्महे’ मोजलंत तर तिथेही 23च, फक्त तिथे सात अक्षरं शेवटच्या पादात. गायत्री हे आधी छंदाचं नाव, मग त्या मंत्राचं, मग देवीचं, हा उलगडाही इथेच होतो.

यानंतर ध्यानाचा भाग, ‘एकदन्तं चतुर्हस्तं’. हा भाग घरातली मूर्ती समोर ठेवून वाचा. चार हातात काय काय आहे, पाश म्हणजे दोरीचा फास, अंकुश, रद म्हणजे मोडलेला दात आणि चौथा वरद, वर देणारा हात. मोदक कुठेच नाही! आपल्या मूर्तींच्या हातात मोदक असतो तो दुसऱ्या ध्यानांतून आलाय, अथर्वशीर्षात मोदक येतो तो थेट फलश्रुतीत, तोही हजारांच्या हिशोबात. सोंड डावी की उजवी यावर जे एवढं कडक सोवळं आणि घाबरवणं चालतं त्याबद्दलही इथे एक अक्षर नाही, वक्रतुण्ड एवढंच आहे, सोंड वळलेली. रंग लाल, वस्त्र लाल, गंध लाल, फुलं लाल, म्हणून रक्तचंदन आणि जास्वंद. कान सुपासारखे, शूर्पकर्ण, ध्वजावर उंदीर.

आणि हे सगळं कशासाठी तर ‘एवं ध्यायति यो नित्यं स योगी योगिनां वरः’. इथे योगाचे शब्द लावा. पतंजलींची आठ अंगं यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. क्लासमध्ये तासभर चालतं त्या आसनाला योगसूत्रात मोजकीच सूत्रं आहेत, त्यातलं पहिलं ‘स्थिरसुखमासनम्’, स्थिर आणि सुखाचं बसणं ते आसन, बस. धारणा म्हणजे चित्त एका जागी बांधणं, ध्यान म्हणजे तिथेच ते एकसारखं वाहत राहणं, समाधीत फक्त ती वस्तूच उरते. करून बघायचं असेल तर डोळे मिटून मूर्ती पायापासून मुकुटापर्यंत मनात रचा, एकेक हात, एकेक वस्तू. पाश रचेपर्यंत मन भाजी आणायला जाईल, तिथून ओढून परत आणायचं, ते ओढणं म्हणजे प्रत्याहाराची आणि धारणेची मेहनत. कुंडलिनी, सहा चक्रं हे मात्र पतंजलींकडे शोधू नका, योगसूत्रात फक्त नाभिचक्राचा ओझरता उल्लेख आहे, बाकी सगळं हठयोग आणि तंत्राकडून आलं. मराठीत ते वाचायचं तर ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय.

याच ध्यानात ‘प्रकृतेः पुरुषात्परम्’ आहे. सांख्यात 25 तत्त्वं. प्रकृती, तिच्यातून महत् म्हणजे बुद्धी, मग अहंकार, मन, पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच तन्मात्रा (शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध यांची सूक्ष्म रूपं), पाच महाभूतं, झाली 24, आणि पंचविसावा पुरुष, जो काहीच करत नाही, नुसता बघतो. पुरुष म्हणजे पुरुषमाणूस नव्हे, बाईच्या आतही पुरुषच. योगवाल्यांनी वर ईश्वर धरला. अथर्वशीर्ष गणपतीला या दोघांच्याही पलीकडे नेतं. लगेच वरच्या ओळीत त्याला अच्युत म्हटलंय, जे एरवी विष्णूचं नाव, आणि आधी तर तूच रुद्र म्हणून झालं, तरी शेवटी पुन्हा ‘शिवसुताय’, शिवाचा मुलगा. बाप आणि मुलगा एकच कसा हा प्रश्न मुलं विचारतातच. तूच रुद्र हे निर्गुणाच्या बाजूने बोलणं आहे, तिथे सगळे देव एकच, आणि शिवसुत हे सगुणाच्या बाजूने, तिथे आई बाप वाहन नैवेद्य सगळं आहे. एकाच स्तोत्रात दोन्ही चालतात, त्यात कुणाला अडचण वाटली नाही.

फलश्रुती भराभर. दूर्वांनी पूजा करणारा वैश्रवणासारखा होतो, वैश्रवण म्हणजे कुबेर, विश्रव्याचा मुलगा आणि रावणाचा सावत्र भाऊ. लाजा म्हणजे साळीच्या लाह्या. ‘चतुर्थ्यामनश्नन्’ म्हणजे चतुर्थीला न खाता, साबुदाण्याच्या खिचडीचा उल्लेख कुठेच सापडत नाही. ‘अशिष्याय न देयम्’, ज्याला शिकायचं नाही त्याला देऊ नये, आणि आपण मंडपात चार कर्णे लावून अख्ख्या गल्लीला देतो.

हे सगळं समासात लिहून झालं की पुढे मांडूक्य उपनिषद घ्या. फक्त 12 मंत्र, शांतिमंत्र तोच भद्रं कर्णेभिः, तुम्हाला पाठ असलेला, आणि विषय जागृती, स्वप्न, सुषुप्ती, तुरीय आणि ॐ, म्हणजे त्यातलेही बरेचसे शब्द तुमच्या पुस्तिकेच्या समासात आधीच लिहिलेले असतील.